जॅझमधल्या दुर्लक्षित तबकड्या आणि सदोष माणसे

१९६० साली न्यूयॉर्कच्या ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने टीना ब्रूक्स या टेनर सॅक्सोफोनवादकाची एक नवी तबकडी तयार केली. तिचे 'बॅक टू द ट्रॅक्स' हे नाव ठरले, कंपनीच्या यादीत तिला ४०५२ हा क्रमांक मिळाला, तिचे वेष्टन तयार झाले आणि तिची जाहिरातही झाली. तबकडी मात्र बाजारात आलीच नाही. संग्राहकांना नाव ठाऊक, क्रमांक ठाऊक, वेष्टनही ठाऊक, पण आतले संगीत कोणी ऐकलेले नाही, अशी स्थिती पुढची पंचवीस वर्षे राहिली. १९८५ मध्ये मोझेक या छोट्या कंपनीने ब्रूक्सचे स्वतःच्या नावाचे सगळे ध्वनिमुद्रण एकत्र प्रसिद्ध केले, तेव्हा हे वादन पहिल्यांदा श्रोत्यांपर्यंत पोहोचले. ब्रूक्स १९७४ मध्येच, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारला होता. प्रमुख कलावंत म्हणून त्याने १९५८ ते १९६१ या काळात चार तबकड्यांचे संगीत मुद्रित केले, आणि त्यांतली एकच त्याच्या हयातीत निघाली.

जॅझचे जुने श्रोते बोलायला बसले की दोन विषय हमखास निघतात. एक, अशा राहून गेलेल्या किंवा निघूनही कोणी न ऐकलेल्या ध्वनिमुद्रणांचा. दुसरा, ज्यांचे आयुष्य व्यसनाने, तुरुंगवासाने किंवा स्वभावातल्या क्रौर्याने डागाळलेले होते अशा वादकांचा. नव्या माणसाला हे दोन्ही ध्यास कोड्यात टाकतात. जगाने ज्याकडे पाठ फिरवली तेच शोधत का बसायचे, आणि ज्याच्यासारखे जगू नये त्याचेच कौतुक का करायचे, असे त्याला वाटते. माझे म्हणणे असे आहे की हे विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. तबकडी ज्या कारणांनी फडताळात पडून राहिली, तीच कारणे अनेकदा वादकाच्या माथी दोष मारण्यातही होती. आणि दोष जिथे खरोखर त्या माणसाचा होता, तिथे तो नेमका कोणता आणि त्याची झळ कोणाला बसली, हे नीट पाहिल्याशिवाय कौतुकाला अर्थ येत नाही.

हे समजण्यासाठी आधी जॅझमध्ये ध्वनिमुद्रणाला इतके महत्त्व का, हे पाहावे लागते. बहुतेक जॅझ रचनांची मूळ धून छोटी असते. पुष्कळदा बत्तीस बारची, म्हणजे तालाच्या बत्तीस खंडांची, किंवा ब्लूज असेल तर बारा बारची. सुरुवातीला सगळे मिळून ती धून वाजवतात. त्यानंतर तिच्याखालचा स्वरसंगतींचा, म्हणजे कॉर्ड्सचा, क्रम तसाच फिरत राहतो आणि त्या आवर्तनांवर एकेक वादक आपले उत्स्फूर्त वादन उभे करतो. अशा एका पूर्ण आवर्तनाला कोरस म्हणतात. शेवटी पुन्हा धून येते. ख्याल ऐकणाऱ्याला हे सहज उमगेल, कारण बंदिश दोन ओळींची असली तरी मैफल रंगते ती गाणाऱ्याच्या विस्ताराने. फरक इतकाच की जॅझमध्ये चक्र फिरते ते तालाबरोबर स्वरसंगतींचेही, आणि त्या बदलत्या स्वरसंगतींमधून वाट काढणे हे वादकापुढचे आव्हान असते.

कागदावर धून लिहिता येते. तो विस्तार लिहून ठेवलेला नसतो. म्हणून जॅझमध्ये खरी कलाकृती म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत जे वाजले ते, आणि त्याचा पुरावा म्हणजे ध्वनिमुद्रण. एकच रचना त्याच वादकांनी लागोपाठ दोनदा वाजवली, तर ती दोन वेगळी वादने होतात. त्यांना टेक म्हणतात, आणि प्रसिद्ध झालेल्या टेकपेक्षा बाजूला ठेवलेला टेक अधिक धाडसी असल्याची उदाहरणे कमी नाहीत. अशा कलेत फडताळात राहिलेली टेप म्हणजे जगाच्या कानी कधी न पडलेली कलाकृती असते. सिंफनीचे वाद्यलेखन हाती असेल तर शंभर वर्षांनीही दुसरा वाद्यवृंद ती वाजवू शकतो. टीना ब्रूक्सचा कोरस ब्रूक्सशिवाय कोणाला वाजवता येणार नव्हता.

मग चांगली मुद्रणे मागे का राहतात? श्रोते पुष्कळदा 'काळाच्या पुढचे होते, लोकांना कळले नाही' असे उत्तर देतात. मला ते फारसे पटत नाही. बहुतेक वेळा कारणे याहून साधी, व्यवहारातली असतात. आल्फ्रेड लायन हा ब्लू नोटचा संस्थापक उत्साहाने इतके संगीत मुद्रित करत असे की ते सगळे छापून विकणे त्या छोट्या कंपनीच्या आवाक्यापलीकडचे होते. त्यात एखादी तबकडी अचानक तुफान खपली, तर अडचण कमी होण्याऐवजी वाढायची. ली मॉर्गन या ट्रम्पेटवादकाची १९६३ च्या डिसेंबरात मुद्रित झालेली 'द साइडवाइंडर' अशीच खपली, आणि मग विक्रेत्यांना तशाच ठेक्याची, तशाच लयीची रचना पुन्हा हवी झाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी मॉर्गनने मुद्रित केलेली 'सर्च फॉर द न्यू लँड' ही कितीतरी अधिक चिंतनशील तबकडी १९६६ पर्यंत थांबली, आणि १९६४ च्या ऑगस्टमधली 'टॉम कॅट' तर १९८० मध्ये निघाली. मॉर्गनला १९७२ च्या फेब्रुवारीत, तो वाजवत होता त्या न्यूयॉर्कच्या क्लबातच, गोळी घालून ठार मारण्यात आले. 'टॉम कॅट' प्रसिद्ध झालेली त्याने पाहिली नाही.

ब्रूक्सचेच एक उदाहरण मला फार बोलके वाटते. १९ जून १९६० रोजी फ्रेडी हबर्ड या बावीस वर्षांच्या ट्रम्पेटवादकाची पहिली तबकडी 'ओपन सेसमी' मुद्रित झाली. तिच्यात सॅक्सोफोनवर ब्रूक्स होता आणि तबकडीला नाव देणारी रचनाही ब्रूक्सची होती. सहा दिवसांनी, २५ जूनला, हेच दोघे पुन्हा त्याच कंपनीसाठी एकत्र आले. या वेळी प्रमुख ब्रूक्स होता आणि तबकडी होती 'ट्रू ब्लू'. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. पहिलीत हबर्डचा तरुण, चकचकीत आवाज पुढे आहे. दुसरीत ब्रूक्सच्या धुनी अधिक सावळ्या आहेत, आणि त्याचे वादन असे आहे की वाक्य संपत आले असे वाटता वाटता ते आणखी एक वळण घेऊन पुढे जाते. दर्जात मला फरक दिसत नाही. हबर्ड पुढे मोठा कलावंत झाला, म्हणून 'ओपन सेसमी' त्याच्या कारकिर्दीचा आरंभ म्हणून वाचली जाते. ब्रूक्स १९६१ नंतर स्टुडिओत आलाच नाही, हेरॉइन आणि आजारपणात हरवला, म्हणून 'ट्रू ब्लू'ला पुढची गोष्टच मिळाली नाही. तबकडीची कीर्ती तिच्यानंतर काय घडले यावर किती अवलंबून असते, हे या सहा दिवसांत दिसते.

कंपन्यांच्या पलीकडचीही कारणे होती. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने मानधनाच्या वादातून रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवणे बंद केले. डेका कंपनीने वर्षभराने समझोता केला, पण कोलंबिया आणि आरसीए व्हिक्टर या मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. नेमक्या याच काळात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या पिढीने बीबॉप ही वेगवान, गुंतागुंतीची शैली घडवली. शैली घडत असतानाचा तो टप्पा त्यामुळे फारसा मुद्रितच झाला नाही. १९४५ मध्ये ती तबकड्यांवर आली तेव्हा जणू आकाशातून पडल्यासारखी पूर्ण घडलेली होती, आणि अनेकांना ती तशीच वाटलीही.

आणखी एक कारण कायद्याचे होते, आणि इथे दुर्लक्षित तबकडी व सदोष वादक या दोन विषयांची गाठ पडते. १९४० ते १९६७ या काळात न्यूयॉर्क शहरात दारू मिळते अशा ठिकाणी वाजवायचे किंवा गायचे असेल, तर पोलिसांनी दिलेले कॅबरे कार्ड जवळ असावे लागे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली की ते काढून घेत. जॅझचे क्लब दारूवर चालत, आणि जॅझ वादकाची रोजची कमाई क्लबातच होत असे. म्हणजे हे कार्ड गेले की न्यूयॉर्कमध्ये पोट भरण्याचा मार्गच बंद. गायिका बिली हॉलिडेला १९४७ मध्ये शिक्षा झाली. सुटल्यावर १९४८ साली ती कार्नेगी हॉलच्या भरलेल्या सभागृहात गाऊ शकली, पण त्याच शहरातल्या लहानशा क्लबात गाण्याची तिला परवानगी नव्हती. ज्यांच्या हातून दुसऱ्या कोणाचे काही बिघडले नव्हते, अशा कितीतरी आजारी माणसांना या नियमाने गुन्हेगार ठरवले आणि वर बेरोजगारही केले.

मंकच्या बाबतीत तर दोष दुसऱ्याचा असण्याचीच शक्यता जास्त. १९५१ मध्ये तो आणि पियानोवादक बड पॉवेल एका गाडीत असताना पोलिसांना हेरॉइन सापडले. मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडले नाही, दोन महिने तुरुंगात काढले आणि कार्ड गमावले. पुढची सहा वर्षे न्यूयॉर्कच्या क्लबांत त्याला उघडपणे वाजवता आले नाही. ही त्याच्या तिशीतली वर्षे होती. १९५७ मध्ये कार्ड परत मिळाल्यावर त्याने फाइव्ह स्पॉट या क्लबात चौकडी बसवली आणि सॅक्सोफोनसाठी जॉन कोल्ट्रेनला घेतले. कोल्ट्रेनला त्याच वसंतात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने हेरॉइनपायी आपल्या पंचकातून काढून टाकले होते, आणि त्यानंतर कोल्ट्रेनने व्यसन सोडले होते. त्या काही महिन्यांत फाइव्ह स्पॉटला गेलेले लोक आयुष्यभर त्या रात्रींविषयी बोलत राहिले. बाकीच्यांनी मात्र केवळ त्यांचे बोलणेच ऐकायचे, कारण मंक एका कंपनीशी करारबद्ध होता आणि कोल्ट्रेन दुसरीशी. त्या चौकडीच्या जेमतेम तीन रचना स्टुडिओत मुद्रित झाल्या.

२९ नोव्हेंबर १९५७ रोजी याच चौकडीने कार्नेगी हॉलमध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात वाजवले. व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी नभोवाणीने ते मुद्रित केले आणि टेपा पुढे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाऊन पडल्या. २००५ च्या जानेवारीत तिथल्या ध्वनिमुद्रण प्रयोगशाळेचे पर्यवेक्षक लॅरी ॲपलबॉम जुन्या टेपांचे डिजिटल रूपांतर करत असताना त्यांना ते वादन सापडले. मुद्रण अतिशय स्वच्छ आहे. पियानोवर मंक मुद्दाम रिकाम्या जागा सोडतो आणि कोल्ट्रेन त्या जागांतून स्वरांचे लोटच्या लोट नेतो, तरी दोघे एकमेकांच्या आड येत नाहीत. विशेषतः 'मंक्स मूड' ही पहिलीच रचना ऐकावी. पोलिसांचा नियम, दोन कंपन्यांचे करार आणि एका संग्रहालयातले ओझे या तिन्हींमुळे अठ्ठेचाळीस वर्षे अडकून पडलेले संगीत किती शांत असू शकते, हे ऐकताना मला दरवेळी गहिवरून येते.

या शोधांमागे असणाऱ्या माणसांचा इथे उल्लेख व्हायला हवा. मायकेल कस्कुना यांनी १९७५ पासून ब्लू नोटची फडताळे उपसली, कोणत्या टेपेत काय आहे हे वादकांकडून एकेक करून विचारून घेतले, आणि पुढे १९८३ मध्ये मोझेकची स्थापना केली. जपानमधल्या श्रोत्यांचेही ऋण मोठे आहे. सनी क्लार्क हा पियानोवादक १९६३ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेला तेव्हा अमेरिकेत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. जपानमध्ये मात्र त्याची 'कूल स्ट्रटिन' ही १९५८ ची तबकडी घराघरांत प्रिय झाली, आणि त्या प्रेमामुळेच त्याची अप्रकाशित मुद्रणे बाहेर आली. तरीही एक सावधगिरी बाळगावी असे मला वाटते. सापडलेली प्रत्येक टेप थोर नसते. काही मुद्रणे वादकांनी स्वतःच नापसंत केली होती, काहींत वादक थकलेले आहेत, काहींत तालमीशिवाय बसवलेली रचना मध्येच विस्कटते. दुर्मीळपणा हा बाजाराचा गुण आहे, संगीताचा नव्हे. आणि कान जर आधीच 'अनमोल ठेवा' असे ठरवून बसला असेल, तर तो पुढचे काही ऐकत नाही.

आता दोषांकडे वळू. 'सदोष वादक' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो: वादनातला दोष, स्वतःचे नुकसान करणारा दोष आणि दुसऱ्याला इजा करणारा दोष. कौतुकाची बरीच गफलत या तिन्हींची सरमिसळ झाल्याने होते.

वादनातल्या दोषाचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे २९ जुलै १९४६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डायल कंपनीसाठी मुद्रित झालेले चार्ली पार्करचे 'लव्हर मॅन'. पार्करला हेरॉइन मिळत नव्हते, तो दारूवर दिवस काढत होता आणि त्या दिवशी त्याला धड उभेही राहवत नव्हते. पियानोची सुरुवात होते आणि पार्कर जिथे यायला हवा तिथे येतच नाही; उशिरा येतो, आणि मग वाक्ये तुकड्यातुकड्यांनी, मध्येच श्वास तुटल्यासारखी निघतात. त्याच रात्री त्याला अटक झाली आणि पुढचे सहा महिने त्याने कॅमरिलोच्या मनोरुग्णालयात काढले. कंपनीने ते मुद्रण प्रसिद्ध केले, याचा पार्करला अतिशय राग आला. श्रोत्यांमध्ये मात्र हे त्याचे सर्वांत हृदयस्पर्शी वादन मानणारा मोठा वर्ग आहे. मी हे मुद्रण अनेकदा ऐकले आहे आणि ते मलाही हेलावून सोडते हे नाकारणार नाही. पण जे आपल्याला हेलावते ते पार्करची कला आहे की एका माणसाचे कोसळणे, हा प्रश्न टाळता येत नाही. ऑगस्ट १९५१ मध्ये त्याने हीच रचना पुन्हा मुद्रित केली. दोन्ही शेजारी ठेवून ऐकाव्यात. दुसऱ्या वेळी तो स्वस्थ आहे, प्रत्येक वाक्य जिथे टेकायचे तिथेच टेकते, आणि दुःख त्यातही आहे. फक्त ते त्याच्या ताब्यात आहे. मला दुसरे मुद्रण अधिक थोर वाटते, आणि पहिल्याची कीर्ती दुसऱ्यापेक्षा मोठी असण्यात श्रोत्यांचाच काही दोष आहे असेही वाटते.

बिली हॉलिडेच्या 'लेडी इन सॅटिन'ची गोष्ट वरवर सारखी, पण आतून निराळी आहे. १९५८ च्या फेब्रुवारीत तिने रे एलिस यांच्या वाद्यवृंदाबरोबर ती गाणी मुद्रित केली. जवळजवळ दीड वर्षाने, १७ जुलै १९५९ रोजी ती चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली. आवाज घोगरा झालेला, पट्टी आक्रसलेली, लांब स्वर टिकत नाहीत. एलिस स्वतः आधी तिच्या गाण्यावर नाराज होते, आणि नंतर शांतपणे मुद्रण ऐकल्यावर त्यांचे मत बदलले. इथे पार्करच्या १९४६ च्या वादनाहून मोठा फरक आहे. हॉलिडेला आपल्या आवाजाचे काय झाले आहे हे ठाऊक होते आणि ती उरलेल्या आवाजाच्या मापानेच शब्द मांडत होती. स्वर धरता येत नाही तिथे ती तो धरण्याचा प्रयत्नच करत नाही. शब्द ठेक्याच्या किंचित मागे टाकते आणि वाक्याचा भार एखाद्या अक्षरावर ठेवून मोकळी होते. तो निर्णय आहे, आणि निर्णय ही कला आहे. सुबक आवाजाची सवय असलेल्याने तिची १९३० च्या दशकातली गाणी आधी ऐकावीत. म्हणजे काय गेले आणि काय शाबूत राहिले, हे दोन्ही कळेल.

दुसरा दोष व्यसनाचा, आणि इथे एक हट्टी समजूत खोडून काढणे मला महत्त्वाचे वाटते. हेरॉइनमुळे पार्कर तसा वाजवत होता, ही समजूत त्याच्या हयातीतच पसरली आणि तिने कित्येक तरुण वादकांना त्या वाटेला लावले. पार्करच्या पंचकात ट्रम्पेट वाजवणारा आणि १९५१ च्या त्या 'लव्हर मॅन'मध्ये साथीला असलेला रेड रॉडनी त्यांपैकीच एक. पार्करने स्वतः १९४९ च्या एका मुलाखतीत स्पष्ट सांगितले होते की नशेत आपण अधिक चांगले वाजवतो असे म्हणणारा वादक खोटे बोलतो. त्याचे कोणी ऐकले नाही, आणि तो स्वतःही वाचला नाही. १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी तो गेला. इतिहास मात्र त्याच्या शब्दांच्या बाजूने उभा आहे. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स १९५५ मध्ये लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात जाऊन व्यसनमुक्त झाला आणि १९५६ च्या जूनमध्ये त्याने 'सॅक्सोफोन कोलोसस' मुद्रित केली. कोल्ट्रेनची ज्यांच्यामुळे ओळख आहे ती जवळजवळ सगळी कामे १९५७ नंतरची, म्हणजे व्यसन सुटल्यानंतरची आहेत. क्लिफर्ड ब्राउन हा ट्रम्पेटवादक तर या सगळ्यापासून दूरच राहिला होता; १९५६ मध्ये पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात तो गेला, आणि त्याच्या काही वर्षांच्या मुद्रणांत जो आनंद, जी सफाई आहे ती नशेच्या दंतकथेला पुरेसे उत्तर आहे. व्यसनी वादकांनी थोर संगीत निर्माण केले, ते व्यसन असूनही. ब्रूक्सने १९६१ नंतर जे वाजवलेच नाही, ते त्या दंतकथेचे खरे मोल आहे.

आणि दंतकथा सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. यूटा हिप ही लाइपझिगमध्ये जन्मलेली जर्मन पियानोवादक १९५५ मध्ये न्यूयॉर्कला आली, ब्लू नोटने तिच्या तबकड्या काढल्या, आणि काही वर्षांतच तिने संगीत सोडून दिले. मंचावर जाण्याची धास्ती आणि ती बुजवण्यासाठी घेतलेली दारू या तिच्या अडचणी होत्या. तिने कपड्यांच्या कारखान्यात नोकरी धरली, फावल्या वेळात चित्रे काढली, आणि २००३ मध्ये ती गेली तोवर पियानोकडे परतली नाही. पुरुष वादकाची पडझड श्रोत्यांना शोकांतिका वाटते. हिपच्या निमूट निघून जाण्याला फार काळ कोणी नावही दिले नाही. सॅक्सोफोनवादक झूट सिम्सबरोबरची तिची १९५६ ची तबकडी ऐकावी. तिच्यात कसलीही पडझड नाही, फक्त नेमके, लयदार आणि संयमी वादन आहे.

कौतुक कधी कधी श्रोत्याला बहिरेही करते, याचे एक टोकाचे उदाहरण डीन बेनेडेट्टीचे. पार्करच्या वादनाने झपाटलेल्या या सॅक्सोफोनवादकाने १९४७ आणि १९४८ मध्ये क्लबांत यंत्र नेऊन पार्करचे वादन मुद्रित केले. हा ठेवा १९९० मध्ये मोझेकने प्रसिद्ध केला आणि तो खरोखर अमूल्य आहे. पण साधने जपून वापरण्यासाठी बेनेडेट्टी केवळ पार्करचे कोरस मुद्रित करत असे. पार्कर थांबला की यंत्र बंद. त्यामुळे त्या मुद्रणांत एकामागून एक अचानक सुरू होणारी आणि अचानक तुटणारी वादने ऐकू येतात. पार्कर ज्यांना ऐकत होता, ज्यांना उत्तर देत होता, ती माणसे तिथे बहुतेक नाहीतच. जॅझ हा संवाद आहे, आणि एकाच माणसावर खिळलेल्या प्रेमाने त्याचा अर्धा भाग गमावला.

तिसऱ्या दोषाकडे पाहताना तीच अनुपस्थित माणसे आठवावी लागतात. चार्ल्स मिंगस हा डबल बेसवादक आणि रचनाकार विसाव्या शतकातल्या थोर संगीतकारांपैकी एक होता, आणि त्याचा राग भयंकर होता. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधल्या कार्यक्रमाची तयारी चालू असताना त्याने आपलाच ट्रम्बोनवादक जिमी नेपर याच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला, ओठांची ठेवण बिघडली, आणि ट्रम्बोनवरचा वरच्या सप्तकाचा बराचसा भाग नेपरला पुढे पूर्वीसारखा वाजवता येईना. न्यायालयाने मिंगसला दोषी ठरवले, पण शिक्षा स्थगित ठेवली. हा दोष बिली हॉलिडेच्या व्यसनाच्या पंक्तीत बसवता येत नाही. तिने स्वतःचे नुकसान केले होते. इथे एका वादकाचे वाद्य दुसऱ्याने हिरावून घेतले. 'कलावंत असेच असतात' हे वाक्य इथे उच्चारणे म्हणजे नेपरला दुसऱ्यांदा गप्प करणे होय. मिंगसची तबकडी कोणी बंद करून ठेवली, तर तो निर्णय मला समजू शकतो. मी स्वतः ती बंद करत नाही, पण ऐकताना नेपरकडे लक्ष देतो.

त्यासाठी एक तबकडी सुचवतो, कारण या लेखातले दोन्ही विषय तिच्यात एकत्र आले आहेत. मिंगसने १९५७ च्या उन्हाळ्यात मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या आठवणींवर आधारलेले 'तिहुआना मूड्स' आरसीए व्हिक्टरसाठी मुद्रित केले. कंपनीने ते पाच वर्षे फडताळात ठेवले आणि ते निघाले १९६२ मध्ये, म्हणजे ठोशाच्याच वर्षी. ट्रम्पेटवर क्लॅरेन्स शॉ आहे. मिंगसशी खटका उडाल्यावर त्याने ट्रम्पेटच काही वर्षे सोडून दिले होते, आणि 'फ्लॅमिंगो' या संथ रचनेतले त्याचे हळुवार, अंग चोरून घेतलेले वादन ज्याने ऐकले त्याला ही हानी किती मोठी होती हे सांगावे लागत नाही. 'इसाबेल्स टेबल डान्स'मध्ये टाळ्या आणि कॅस्टनेटचा गदारोळ उठतो, लय फुगते, विरते, पुन्हा उसळते. त्या साऱ्यातून मिंगसचा बेस सगळ्यांना ओढत नेतो, आणि त्यावर नेपरचा ट्रम्बोन येतो. वर चढताना तो कुठे अडखळत नाही, वरचे स्वर गोल आणि मोकळे लागतात, जणू ते नेहमीच तसे लागणार आहेत. नेपर पुढे १९७७ मध्ये मिंगसबरोबर पुन्हा वाजवायला आला, आणि १९७९ मध्ये मिंगस गेल्यावरही त्याचे संगीत वाजवत राहिला. १९५७ चे ते वरचे स्वर मात्र याच तबकडीत आहेत.